पदराखालची हळद

मोठी खार, ता. पेण
माघ सरला, उन्हं तापू लागली

ती. बाय,

धाकट्या भावाचा, दत्ताचा साष्टांग नमस्कार. त्यातला साष्टांग मनातल्या मनात घातला आहे असं समज, कारण तुझे दोन्ही गुडघे डॉक्टरने नवे करून दिले, माझे अजून जुनेच आहेत, आणि एकदा खाली गेलो की मला उठवायला या घरात कुणी मोकळं नसतं. तुझी काठी सुटली का? भूक लागते का? हर्षदने पाठवलेली रोठा सुपारी पोचली. ती फोडायला दात कुठून आणायचे ते त्याने कळवलेलं नाही, पण भाच्याने आठवण ठेवली याचा आनंद आहे. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागल्या वेळी मी इथून ओरडत होतो, तुझ्या कानातलं यंत्र तिथून शिट्टी मारत होतं, आणि शेवटी गावात लाईट गेली काय असं विचारून तू फोन ठेवून दिलास. तेव्हाच ठरवलं की बायला कागद लिहायचा आणि भक्तीने तो वाचून दाखवायचा. (भक्ती, सूनबाई, आशीर्वाद. मोठ्यांदा वाच, घाई करू नकोस. तुला अवघड वाटलेलं वाक्य गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे, तेव्हा गाळू नकोस. श्रीवर्धनच्या त्या घरात मराठी कागद वाचणारी तू एकटीच उरलीस. तुझ्या नवऱ्याला वेळ नसतो आणि तुझ्या मुलाला आपली अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटतात, असं तूच मला सांगितलं होतंस.)

तर बाय, आमच्या धाकट्या मुलाच्या, दिपेशच्या हळदीला तुला येता आलं नाही. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवसांत निघालं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. तू मागाहून निरोप पाठवलास की हळदीला धवलारीण कोण बसवली, गावदेवीचं नाव आधी घेतलं का, धवला नीट पार पडला का. उत्तर द्यायला मी एवढे दिवस लावले, कारण खरं लिहावं तर तुझा रक्तदाब आडवा येतो आणि खोटं लिहावं तर इथलं कुणीतरी तुला कळवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या आगरी लग्नात भटजी मागाहून, आधी धवला गाऊन लग्न लावणारी धवलारीण, हे तू पेणपासून अलिबागपर्यंत मांडवामांडवातून दाखवून दिलंस. तू गाणार तेव्हा मांडव उभा राहणार, तू गाणार तेव्हा हळद लागणार. आणि इथून श्रीवर्धनला जाताना गाडीत बसता बसता तू म्हणालीस, "यो धवला माजे संगतीच सरनावर जानार." तू सहज म्हणालीस, पण मला ते तेव्हापासून टोचतं आहे. म्हणून कचेरीत अहवाल लिहायचो तसं सगळं मुळापासून लिहितो.

मूळ आहे शाळा. आपलं मिठागर होतं तिथे भराव टाकून ऑक्सफील्ड इंटरनॅशनल नावाची शाळा उभी राहिली आहे, हे तू पाहिलंसच. आमच्या थोरल्या मितेशची मुलगी प्राप्ती तिथे पाचवीला आहे. ती बालवर्गात असताना पालकांना बोलावलं, तेव्हा मितेश आणि हेमाली यांच्याबरोबर मीही कोट घालून गेलो. मॅडमनी सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण घरात दोन दोन, तीन तीन भाषा कानावर पडून तिचा गोंधळ उडतो, सबब घरात फक्त इंग्रजी बोलावं. हे त्यांनी आम्हांला मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत सांगितलं असतं तर आम्हांला कळलं नसतं ही गोष्ट त्यांच्यासुद्धा ध्यानात आली होती. मितेशने मान डोलावली. (हा मितेश गावच्या झेडपी शाळेत शिकला, पोर्टवर याचे ट्रेलर धावतात, ड्रायव्हरांशी हा हिंदीत भांडतो, आणि याचं इंग्रजी पावतीवरच्या शिक्क्याएवढं.) घरी येऊन त्याने हुकूम काढला की उंबऱ्याच्या आत आजपासून इंग्रजीच. त्या दिवसापासून बाय, आमचं घर गप्प झालं. एवढा दोन मजली बंगला, संगमरवरी जिना, आणि त्यात दिवसभरात ऐकू येणार काय, तर कम, सिट, ईट, डोन्ट, स्लीप. हेच पाच शब्द कुत्र्यालाही. टायसन आणि प्राप्ती यांच्यापैकी आत्ता कुणाला बोलावलं हे कळायला बोलावणाऱ्याचं तोंड बघावं लागतं, आणि बरेचदा दोघंही येतात.

आता नवराबायको म्हटली की बोलायचं असतं. नुसतं जेवा, झोपा यावर संसार होत नाही. हेमालीला माहेरची गोष्ट सांगायची असते, मितेशला कुणी पैसे बुडवले ते सांगायचं असतं, आणि भांडायचं तर दोघांनाही असतं. इंग्रजीत भांडता येईना. एकदा हेमालीने प्रयत्न केला. यू, यू, यू असं तीन वेळा म्हणून ती रडायलाच लागली, आणि मितेश 'सॉरी'वर अडकला, कारण पुढचं येत नव्हतं. मग या दोघांनी शोध लावला की हुकूम उंबऱ्याच्या आतला आहे, अंगणातल्या गाडीचा नाही. आता रोज संध्याकाळी दोघं जाऊन गाडीत बसतात, काचा वर करतात, एसी लावतात आणि पोटभर आगरी बोलतात. गाडी जागची हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कुठे लांबच्या प्रवासाला निघालेत. दिपेशचं लग्न गाडीत ठरलं. नवरी बघून आल्यावर ती कशी वाटली हे गाडीत बोललं गेलं. सोनूबाईच्या वर्षश्राद्धाला काय करायचं (माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला, लक्षात घे) तेही यांनी गाडीत ठरवलं आणि मला काच खाली करून कळवलं. मी म्हटलं, बाबांनो, मग घर बांधलंत कशाला? एक मोठी गाडीच घ्यायची होती.

मी हात बांधून बसलो असं समजू नकोस. पेणच्या तहसील कचेरीत मी जन्म घालवला. माझ्या मसुद्यावर साहेबसुद्धा काही न बदलता सही करायचे हे तुला माहीत आहे. मी ठरवलं, घरातली मराठी आपण राखायची. सोनूबाई गेल्यावर या घरात ती भाषा बोलणारं दुसरं होतं कोण? मी प्राप्तीला रोज शेजारी बसवून बोलायला लागलो. उच्चार स्वच्छ, वाक्य पूर्ण, जेणेकरून पोरीला शुद्ध भाषेचं वळण लागावं. चार दिवस तिने ऐकलं आणि मग आपल्या आईला इंग्रजीत विचारलं (हेमालीने ते मला गाडीत नेऊन सांगितलं) की आजोबा नेहमी एसटी स्टँडवरच्या सूचनेसारखं का बोलतात. शाळेने पोरीची समज किती बिघडवली आहे याचा हा नमुना. ती मराठीला थर्ड लँग्वेज म्हणते. पणजीची, आजीची, आत्याआजीची भाषा, आणि हिच्या दप्तरात तिसऱ्या नंबरावर, चित्रकलेच्या जरा वर. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. कुणी विचारलंही नाही, कारण न जेवलेल्या माणसाला का जेवत नाहीस हे विचारण्याइतकं इंग्रजी घरात कुणाजवळ नव्हतं.

आता हळदीकडे येतो. (भक्ती, इथे थांबून बायला पाणी दे.) तू येणार नाहीस हे कळल्यावर मी म्हटलं, उरणहून, अलिबागहून दुसरी धवलारीण आणू. मितेश म्हणाला, नवरीकडची मंडळी पनवेलची, सगळी इंग्रजी शाळेतली, त्यांना धवला कळणार नाही, कंटाळतील. शिवाय आपल्याकडच्या पोरांनाही कळणार नाही. दिपेशला विचारलं, तर तो म्हणाला की धवला म्हणजे ते बॅकग्राउंडला असतं तेच ना? ज्याच्या हळदीला तू गाणार म्हणून तुझी वहिनी शेवटपर्यंत दिवस मोजत होती, तो हा मुलगा. मग धवलारणीच्या जागी खारघरहून एक अँकर आणला. सूट घातलेला, केसांना तुपासारखं काहीतरी लावलेलं, हातात माईक. त्याने सगळ्यांना पिवळे कपडे घालायला लावले. मांडवाला थीम होती. मांडवाला थीम असते हे मला बासष्ट सालापासून जगून आत्ता कळलं. सेल्फी काढायला पिवळी सायकल होती, जिच्यावर कुणी बसायचं नव्हतं. हळद लावायच्या जागी पाट नव्हता, झोपाळा होता. संध्याकाळी पाहुणे जमले, डीजेने छातीत धडधड होईल असं वाजवून घेतलं, आणि अँकरने इंग्रजीत पुकारा केला की आता नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी स्टेजवर यावं आणि हळद लावावी.

घरचे गेले. झोपाळ्याभोवती गर्दी झाली. दिपेश बनियनवर बसला, फोटोवाल्याने उजेड पाडला, सगळ्यांनी हात पुढे केले, आणि हळद कुठे होती? हळद नव्हती. हळदीचं ताट सकाळपासून सगुणाकाकीकडे होतं. (तुझ्या मागे बसून धवल्याची शेवटची ओळ ओढायची तीच सगुणा. आता ऐंशी उलटली आहे.) ती मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती, ताट मांडीवर, ताटावर पदर, पदरावर दोन्ही हात. आणि तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या उरल्यासुरल्या पाच-सात म्हाताऱ्या, कुणी हलवू शकणार नाही अशा बसलेल्या. मितेश गेला, काकी ताट दे म्हणाला. काकी म्हणाली, "धवला झाल्याबिगर हलद लागाची न्हाय." मितेशने समजावलं, हेमालीने हात जोडले, अँकरने स्वतः खाली उतरून तिला आंटी म्हटलं. तेवढंच राहिलं होतं. काकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने माईक बंद केला. दोनशे माणसं पिवळ्या कपड्यांत उभी आणि एकाच्याही अंगाला हळद नाही. नवरीकडच्या एका बाईंनी मला विचारलं की हा पण कार्यक्रमाचा भाग आहे का. मी हो म्हटलं.

मग कुणी म्हणालं, काकी तूच म्हण. तर काकीला पहिली ओळ येईना. तिला सगळ्या ओळींच्या शेपट्या येतात. तू पुढचं म्हणणार आणि या म्हाताऱ्या मागून ओढणार, हा जन्मभराचा रिवाज. पुढचं म्हणणारं नाही, तर मागची शेपटी धरणार कशाला? मितेशने डोकं चालवलं. मोबाईलवर कुठलासा धवला शोधला आणि डीजेच्या पेट्यांवर लावला. आवाज एवढा मोठा की टायसन गोठ्यात जाऊन बसला. पण त्या धवल्यात गाव दुसरं, देवी दुसरी, नवऱ्याच्या मामाचं नाव दुसरं. काकीने तो सबंध ऐकून घेतला आणि मग सांगितलं की ही त्या गावच्या पोराची हळद झाली, आपला नवरा अजून कोराच आहे. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सगळं पुन्हा जिथल्या तिथे.

अशा वेळी जबाबदार माणसाने पुढे व्हावं लागतं. मितेशच मला म्हणाला, बाबा, आत्याबाई एवढी मोठी धवलारीण, तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुम्हीच काय ते म्हणा. मी माईक घेतला. बाय, गाणं हा बायकांचा प्रांत, तुम्ही मांडवात गाता तेव्हा आम्ही पुरुष बाहेर पत्ते कुटत असतो किंवा भाताच्या टोपाशी उभे असतो, हे तूही जाणतेस. तेव्हा मी विचार केला, की धवला नाही तर निदान धवल्याचं महत्त्व तरी या लोकांना कळावं. मी मातृभाषेच्या संवर्धनाची निकड या विषयावर बोलायला सुरुवात केली. उपस्थित मान्यवरांपासून सुरू करून मी ऱ्हासाच्या कारणांपर्यंत आलो होतो, चांगला रंग भरत होता, तेवढ्यात सगुणाकाकी खालून म्हणाली, "दत्त्या, तू मांडवात हायस का कचेरीत?" लोक हसले. डीजेवाल्याने त्याच्या अकलेप्रमाणे मध्येच एक पिपाणी वाजवली. मी माईक ठेवून दिला. वयाने काही माणसांना चांगलं भाषण कळेनासं होतं, एवढंच म्हणतो.

आणि मग, बाय, जे झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, आणि सांगितलं असेल तर नीट सांगितलं नसेल. प्राप्ती पुढे आली. पिवळा फ्रॉक, डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची पट्टी. ती सगुणाकाकीच्या समोर जाऊन मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. गावदेवीच्या नावापासून. तुझा धवला, बाय. तुझाच. पहिल्या ऑपरेशननंतर तू दिवाळीत दीड महिना तिच्या खोलीत झोपलीस, पहाटे जाग आली की पडल्या पडल्या गुणगुणायचीस, आणि तुला वाटायचं पोर कानात बोंडं घालून मोबाईल बघते. ती तुझा आवाज मोबाईलमध्ये भरून घेत होती आणि बसमधून शाळेत जाताना ऐकत होती. का, ते तिलाही सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, आय लाइक द साउंड. तुमचं दोघींचं बोलणं तर शून्य. तू काही विचारायचीस, ती हसायची. ती काही म्हणायची, तू हसायचीस.

तिने जसं ऐकलं तसंच उचललं होतं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. तू जिथे दम घेतलास तिथे हिने दम घेतला. तुला जिथे खोकला आला तिथे ही खोकली. आणि मध्येच तुझा घसा सुकला असणार, तू खोलीच्या दाराकडे बघून हाक मारली असणार, तर तेही हिच्या गाण्यात, त्याच चालीवर, त्याच ठेक्यावर आलं: "पानी दे गो कुनीतरी." म्हाताऱ्यांना वाटलं, असेल एखादं कडवं. त्यांनी सगळ्यांनी मिळून ती ओळ मागून ओढली, पानी दे गो कुनीतरी, दोनदा, लांब सूर लावून. पुढचं म्हणणारं भेटल्यावर त्यांना कसला धरबंद! अँकर धावत जाऊन बाटली घेऊन आला. काकीने ती बाटली हळदीच्या ताटाशेजारी मानाने ठेवून घेतली. (आता पुढच्या मांडवात धवल्याच्या मध्यावर पाणी ठेवायची पद्धत पडणार, हे मी तुला आज लिहून देतो. दोन पिढ्यांनी कुणी विचारलं तर सांगतील, पूर्वापार आहे.)

मला हसू येत होतं आणि मग, बाय, खरं सांगतो, मला रडू आलं. डोळे मिटून ऐकलं तर तू बसलेली, आणि डोळे उघडले तर समोर ही चिमुरडी, जिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. हेमाली मांडवात सगळ्यांदेखत हुंदके देत होती आणि आगरीत मितेशला म्हणत होती की बघ, बघ आपली पोर. उंबरा तिथून चार पावलांवर होता, पण कुणी हुकमाची आठवण काढली नाही. काकीने पदर बाजूला केला. पहिली हळद तिने दिपेशला नाही, प्राप्तीच्या गालाला लावली, मग नवऱ्याला. मग सगळ्यांनी सगळ्यांना लावली, सूटवाल्यालाही. पनवेलची मंडळी म्हणाली, असा धवला आमच्याकडे राहिला नाही. तुला धवला नीट झाला का असं विचारायचं होतं ना, तर खोकल्यासकट नीट झाला.

लग्नाची बाकी हकिगत सांगण्यासारखी नाही. जेवण बरं होतं, मीठ कमी होतं. मीठ पिकवणाऱ्यांच्या घरात मीठ कमी पडावं यावर मी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत पुन्हा इंग्रजी सुरू झालं आणि नवी सूनही आता गाडीत मागच्या सीटवर बसायला लागली आहे. या लोकांकडून मला काडीची आशा उरलेली नाही. पोरीने मात्र माझ्याकडे येऊन तिने गायलं त्याचा अर्थ विचारला. तिचा आजोबा घरात हयात असल्याने तो अर्थ तिला वेळीच आणि योग्य प्रकारे मिळाला, हे तुला सांगायला नकोच. गुडघ्यांना तेल लाव, जिना एकेक पायरीने उतर, आणि भक्तीच्या हातची सुकट खाऊन प्रकृती वाढव.

तुझा,
दत्ता

ता. क. सगुणाकाकीने तुला नमस्कार सांगितला आहे आणि विचारलं आहे की पाण्याचं ते कडवं तू इतकी वर्षं आमच्यापासून का लपवून ठेवलंस. काय उत्तर द्यायचं ते कळव. खरं उत्तर देऊ नकोस.

ता. क. दुसरा. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागेल. प्राप्तीला तुझ्याकडे ठेवावी असं माझ्या मनात आहे. मितेशने तिचं नाव कसल्याशा इंग्रजीच्या उन्हाळी वर्गात घातलं होतं. हेमालीने त्याला गाडीत नेलं आणि नाव काढून घ्यायला लावलं, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरली की हर्षदने फक्त घ्यायला यायचं. तुझं सरणाचं बोलणं पोर येईपर्यंत जरा तहकूब ठेव.

ता. क. तिसरा, फक्त भक्तीसाठी. भक्ती, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. बायने विचारलं तर सांग की मामांनी सुकट करायची रीत लिहिली आहे. गावदेवीच्या हाकेनंतर जी लांब ओळ येते, ज्यात बाय आवाज खाली आणते, ती तुला माहीत असेल. त्या ओळीचा अर्थ बायला विचार. तू स्वतः विचारते आहेस असं दाखव. प्राप्तीने मला विचारला तेव्हा मी म्हटलं, देव सगळ्यांचं भलं करो. ती म्हणाली, एवढी मोठी लाईन आणि मीनिंग एवढंच? दुसऱ्या दिवशी मी जरा वाढवून, पूर्वज वगैरे घालून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून तिसरंच काही निघालं. पोरीने तिन्ही वेळा मला मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं. तिने तिन्ही अर्थ एकामागोमाग एक मला ऐकवले आणि सांगितलं की काय म्हणते आहे ते कळल्याशिवाय ती पुढचं शिकणार नाही. सगुणाकाकीकडे गेलो, तर ती म्हणाली, धवला म्हणायचा असतो, विचारायचा नसतो. बाकीच्या म्हाताऱ्यांनी तिचीच री ओढली, आणि आणखी विचारायला गावात कुणी उरलं नाही.

भक्ती, मला ती ओळ कळत नाही. ती ओळ सोड, अर्धा धवला कळत नाही. काकी मांडवात बोलली तेव्हा मी उलट बोलायला तोंड उघडलं होतं, पण आमच्या बोलीत एक वाक्य जुळेना. माझ्या आईची बोली ती. कानाला सगळं ओळखीचं लागतं आणि तोंडातून कचेरीच निघते. बायला हे कळता कामा नये. ती अजून सगळ्यांना सांगते की आमच्या दत्ताला सगळं येतं.

पोरीला मात्र काल सांगून टाकलं की आजोबाला येत नाही. मला वाटलं हसेल. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "देन यू ऑल्सो कम." हे इंग्रजी मला एका झटक्यात कळलं. तेव्हा मे महिन्यात बायच्या खोलीत दोन अंथरुणं घाल. बायला सांग, मामा पोरीला सोबत म्हणून येतायत.